मिसळीचा कट बंदरावर ठरतो

२०२४ च्या सप्टेंबरात गौरी नुकत्याच परतल्या होत्या, गणपती अजून घरात होते आणि कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात तेलाचा डबा एका रात्रीत महागला. पावसानं रस्ता अडला नव्हता की कुणाचा संप नव्हता. दुकानदारानं मोबाइल पुढं केला. "ड्युटी वाढली न्हवं. परवा आला असता तर जुन्या भावात दिला असता की!"

त्या ड्युटीचा हिशोब असा. १४ सप्टेंबरपासून केंद्र सरकारनं कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं. रिफाइंड तेलावरचं साडेबारावरून साडेबत्तीसवर गेलं. मग २०२५ च्या मे अखेरीस कच्च्या तेलावरचं शुल्क परत १० टक्क्यांवर आणलं.

दोन्ही वेळची कारणं पैशाची. पहिल्यांदा सोयाबीन हमीभावाखाली गेलं होतं आणि शेतकरी चिडला होता. दुसऱ्यांदा महागाई आडवी आली. शिवाय उपकर धरून कच्च्या आणि रिफाइंड तेलाच्या शुल्कातला फरक ८.२५ वरून १९.२५ टक्के केला, म्हणजे तेल शुद्ध करायचं काम परदेशी न जाता इथल्या रिफायनऱ्यांना मिळावं. शेतकरी, गिऱ्हाईक, कारखानदार, तिघांचाही विचार झाला. हे तेल वीस वर्षं खाल्ल्यावर माणसाच्या रक्तवाहिन्यांचं काय होतं, हा प्रश्न मात्र त्या हिशोबात नव्हता. आणि गंमत म्हणजे पाम, सोयाबीन, सूर्यफूल, तिन्हींना दर एकच.

हृदयविकार, बीपी, शुगर हे आजार एका दिवसात होत नाहीत. रोजच्या ताटातून ते थेंबाथेंबानं साठतात. म्हणून आपण डॉक्टरांकडून आल्यावर ताटाकडं बघतो आणि स्वतःला दोष देतो: जिभेवर ताबा नाही, चालायला जात नाही. त्यात खोटं काही नाही. पण ताटात काय स्वस्त पडेल आणि काय महाग, हे आपल्या आधी बंदरावर ठरलेलं असतं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल जहाजातून येतं.

हे नेहमीचं नव्हतं. कोल्हापूर भागात शेंगतेल घाण्यावरून यायचं आणि पेंड जनावराला जायची. १९८६ मध्ये केंद्रानं तेलबियांची मोठी मोहीम काढली आणि नव्वदच्या सुरुवातीला देश तेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ मध्ये पामोलीनच्या आयातीवरचं बंधन सैल केलं. तोच तो डंकेल प्रस्तावाचा, म्हणजे जागतिक व्यापाराच्या नव्या नियमांच्या मसुद्याचा काळ, गावोगाव सभा आणि मोर्चे चाललेले. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना उभी राहिली आणि भारत तिचा पहिल्या दिवसापासूनचा सभासद. पुढं शुल्क कधी उतरलं, कधी चढलं, पण इंडोनेशिया-मलेशियाचं पामतेल येत गेलं आणि दोन-अडीच दशकांत माणशी तेलाचा खप दुपटीहून जास्त झाला.

पामतेलाला विष म्हणणारे संदेश फिरत असतात, ते बाजूला ठेवा. मुद्दा साधा आहे. पामतेलात साधारण निम्मा भाग संपृक्त मेदाचा असतो. म्हणूनच थंडीत ते डब्यात थिजतं. सोयाबीनमध्ये हा भाग साधारण १५ टक्के, शेंगतेलात त्याहून थोडा जास्त, सूर्यफुलात दहाच्या आसपास, करडईत त्याहूनही कमी. संपृक्त मेद जास्त गेला की रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि ते रक्तवाहिनीच्या भिंतीत बसतं. घरी आपण हौसेनं शेंगतेल आणतो, तरी बाहेरून येणारी खारी, बिस्किटं, फरसाण, टपरीवरची भजी यांत बहुतेकदा पामतेलच असतं. ते स्वस्त असतं, तापवलं तरी टिकतं, पदार्थ कुरकुरीत ठेवतं. मिसळीवर तरंगणारा कट कशात केलाय हे कुणी पाटीवर लिहीत नाही, आपणही विचारत नाही. मी तर नाहीच विचारत. समोर मिसळ आली की प्रश्न सुचत नाहीत.

मग सरकारनं तेलच बदललं तर? हा प्रयोग प्रत्यक्षात झालेला आहे, आणि जिथं झाला त्या देशात आपली माणसंही राहतात. मॉरिशस. उसाच्या मळ्यात मजूर म्हणून गेलेल्या कोकणातल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथं अजून गणपती बसवतात. १९८० च्या दशकात त्या बेटावर मधुमेह आणि हृदयविकार भयंकर वाढले होते. लोक स्वयंपाकाला जे सवलतीचं रेशनचं तेल वापरत, ते मुख्यतः पामतेल होतं आणि त्यात काय असावं हे सरकारच्या हातात होतं. १९८७ मध्ये सरकारनं ते बदलून सोयाबीन केलं. लोकांना भाषण दिलं नाही, पदार्थ बदलायला लावले नाहीत. पिंपातलं तेल तेवढं बदललं.

पाच वर्षांनी १९९२ मध्ये पुन्हा तपासण्या झाल्या. लोकांचं सरासरी एकूण कोलेस्टेरॉल ५.५ वरून ४.७ वर आलं होतं. आपल्या लॅबच्या रिपोर्टच्या भाषेत सांगायचं तर सुमारे २१३ वरून १८२. एका माणसाचं गोळी घेऊन एवढं उतरलं तर डॉक्टर पाठ थोपटतील, इथं अख्ख्या देशाची सरासरी उतरली. सगळं श्रेय तेलाला देता येत नाही, कारण सोबत तंबाखू, दारू, व्यायाम यांवरही मोहीम चालू होती. आणि त्याच पाच वर्षांत लोकांची वजनं वाढतच राहिली, हेही लिहायला हवं. तेल बदललं म्हणजे तेल कमी झालं असं नाही.

आता घराजवळ या. महाराष्ट्र सरकारनं २०२२ च्या दिवाळीला शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. किलो रवा, किलो चणाडाळ, किलो साखर आणि लिटरभर पामतेल. २०२४ च्या गौरी-गणपतीला तोच शिधा दिला तेव्हा तेलाच्या ओळीत सोयाबीन होतं. मॉरिशसनं केलं तेच, फक्त सणापुरतं आणि लिटरभर. त्यानं कुणाचं कोलेस्टेरॉल उतरणार नाही. पण सरकार तेल खरेदी करतं तेव्हा निवड सरकारच्या हातात असते आणि ती एका शासन निर्णयात बदलता येते, एवढं तर दिसलं.

"मग पामतेलावर जबरदस्त शुल्क लावा आणि विषय संपवा," असं कुणी म्हणेल. ते इतकं सरळ नाही. एक म्हणजे पामतेल महागलं की पहिला चटका ज्याच्याकडं दुसरा पर्याय नाही त्याला बसतो, म्हणून मॉरिशसनं दुसरं तेल स्वस्तात हातात ठेवून मग पहिलं काढलं. दुसरं म्हणजे करार. जागतिक व्यापार संघटनेत प्रत्येक देशानं प्रत्येक मालावर शुल्काची कमाल हद्द लिहून दिलेली असते. भारतानं पामतेलावर ३०० टक्के आणि सोयाबीन तेलावर ४५ टक्के लिहून दिली. म्हणजे दोन तेलांना वेगळे दर लावायला तिथं भरपूर जागा आहे. पण २०१० पासून आग्नेय आशियातल्या देशांशी वेगळा करार लागू झाला आणि त्यानं कच्च्या पामतेलावरची हद्द टप्प्याटप्प्यानं ३७.५ टक्क्यांवर उतरवली. मोठ्या पंचायतीत हात मोकळे ठेवायचे आणि शेजाऱ्याशी खासगी करारात बांधून घ्यायचे, असा हा प्रकार. व्यापार करारांच्या बातम्या आपण निर्यातीच्या आकड्यांपुरत्या वाचतो. उद्या आरोग्यासाठी काही करायचं झालं तर हात किती मोकळा राहील, हेही त्याच कागदावर लिहिलेलं असतं.

आता नियमांचं मूळ. ते समजायला कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदान पुरे. पंजाबचा पैलवान उतरो नाहीतर गंगावेश तालमीचा, पाठ मातीला लागली की चितपट. पाहुण्याला वेगळा नियम आणि घरच्याला वेगळा, असं पंचानं केलं तर मैदान पेटेल. जागतिक व्यापार संघटनेचा गाभा हाच आहे. सीमेवर ठरलेलं शुल्क घ्या, पण माल एकदा आत आला की त्याच्यावरचे कर आणि नियम घरच्या तशाच मालासारखे हवेत. लोकांच्या जिवाच्या आणि आरोग्याच्या रक्षणासाठी अपवाद आहे, तो १९४७ च्या मूळ करारापासून आहे. पण पंच विचारतात: खरंच आरोग्यासाठी करताय, की घरच्या पैलवानाला जिंकवताय?

प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांनी हे अनुभवलं. अमेरिकेत टर्कीच्या शेपटाकडचा चरबीचा गोळा कुणी फारसं खात नाही, तो स्वस्तात या बेटांवर जायचा. लठ्ठपणा बेसुमार वाढला तेव्हा २००७ मध्ये सामोआनं त्याच्या आयातीवर बंदी घातली. २०१२ मध्ये देश जागतिक व्यापार संघटनेत शिरला आणि शिरताना ठरलं की बंदी उठवायची. बदल्यात सुरुवातीला ३०० टक्के शुल्काची मुभा मिळाली, पुढं १०० टक्क्यांची. सामोआची अडचण अशी की बंदी एकाच परदेशी मालावर होती. तितकीच चरबी असलेलं दुसरं मांस खुशाल विकलं जात होतं. घानानं नव्वदच्या दशकात दुसरी वाट धरली. त्यांनी कुठल्या देशाचं नाव घेतलं नाही. मांसात चरबी किती टक्क्यांपर्यंत चालेल याची मर्यादा घालून दिली, देशी असो वा परदेशी.

डेन्मार्कनं २००३ मध्ये ट्रान्स फॅटला, म्हणजे वनस्पती तुपातल्या त्या घातक मेदाला, २ टक्क्यांची मर्यादा घातली ती याच रीतीनं. सुरुवातीला युरोपच्याच अधिकाऱ्यांनी ही व्यापारातली आडकाठी म्हणून हरकत घेतली, पण २०२१ मध्ये तीच २ टक्क्यांची मर्यादा सगळ्या युरोपीय संघाला लागू झाली. भारतात जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के. बेकरीतल्या नानकटाईत तेवढा एक बदल गुपचूप होऊन गेला, चव बदलल्याची तक्रार मी तरी ऐकली नाही. ट्रान्स फॅटच्या जागी पुष्कळ ठिकाणी पामतेलाचेच घट्ट भाग आले, ही त्यातली मेख.

पण कोल्हापूरकरानं खरं मन लावून वाचावं अशी गोष्ट मेक्सिकोची आहे, कारण तीत ऊस आहे.

१९९४ मध्ये मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडा यांचा मुक्त व्यापार करार लागू झाला. अमेरिकेत मक्याला सरकारी आधार भरपूर, त्यामुळं मक्यापासूनचा गोड पाक स्वस्त. तो मेक्सिकोत शिरला आणि थंड पेयांचे कारखाने साखर सोडून त्याच्याकडं वळू लागले. मेक्सिकोचे ऊस उत्पादक आणि साखर कारखाने हवालदिल झाले. पुढची हालचाल आपल्याला ऐकायची गरजच नाही, पाठ आहे. दबाव आला आणि २००२ मध्ये सरकारनं उसाच्या साखरेखेरीज दुसरं काही घालून गोड केलेल्या थंड पेयांवर २० टक्के कर बसवला. उसाच्या साखरेचं पेय असेल तर माफ. अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि २००६ मध्ये मेक्सिको अपिलातही हरला. कर मागं घ्यावा लागला.

शरीराच्या नजरेनं बघितलं तर निकाल बरोबरच होता. मक्याचा पाक काय आणि उसाची साखर काय, थंड पेयाच्या बाटलीतून पोटात गेल्यावर दोन्हींचं काम जवळजवळ सारखंच. एकाला कर आणि दुसऱ्याला माफी, यात आरोग्य कुठं होतं?

मग १ जानेवारी २०१४ ला मेक्सिकोनं वेगळा कर आणला. साखर घातलेल्या कुठल्याही पेयावर लिटरमागं एक पेसो, म्हणजे किमतीच्या साधारण दहा टक्के. साखर उसाची की मक्याची, कारखाना देशी की परदेशी, काही विचारायचं नाही. पेयांच्या कंपन्यांनी विरोध केला, ऊसवाल्यांनीही केला. पण आधीच्या करासारखा हा कर जिनिव्हात, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, पडला नाही, कारण त्यात पक्षपात दाखवायला जागाच नव्हती. पहिल्या वर्षी अशा पेयांची खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी घटली, वर्षाच्या शेवटी घट १२ टक्क्यांपर्यंत पोचली आणि गरीब घरांत ती जास्त दिसली. दोन्ही करांत गोडावरच हात घातला होता. पहिला पडला आणि दुसरा टिकला याचं कारण एकच: दुसऱ्यानं घरच्या उसाला सोडलं नाही.

तंबाखूचं फार लांबवत नाही, कारण सूत्र तेच. ऑस्ट्रेलियानं २०१२ मध्ये सिगारेटची सगळी पाकिटं एकाच मळकट रंगाची करायला लावली. तंबाखू पिकवणारे देश जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि २०२० मध्ये अखेरचा निकाल ऑस्ट्रेलियाच्या बाजूनं लागला. उलट अमेरिकेनं लवंगेच्या वासाच्या सिगारेटवर बंदी घातली. त्या इंडोनेशियातून यायच्या. पुदिन्याच्या वासाच्या मात्र सोडल्या, त्या बहुतांशी घरच्या. २०१२ मध्ये अमेरिका हरली. आपल्याकडं २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर ते भीतीदायक चित्र असतं. ते परदेशी सिगारेटवरही असतं आणि कोल्हापूरपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या निपाणीच्या विडीच्या कट्ट्यावरही. म्हणूनच परदेशी कंपनीला तिथं पक्षपाताची तक्रार करायला फट नाही.

खाण्याच्या पाकिटावरच्या इशाऱ्यांची लढाई अशी कोर्टात कमी आणि बैठकीत जास्त चालते. चिलीनं २०१६ मध्ये साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोनी शिक्का सक्तीचा केला. कुठल्याही देशाला असा नियम आणायचा असेल तर मसुदा जागतिक व्यापार संघटनेकडं पाठवून 'हरकती व सूचना' मागवाव्या लागतात, आपल्याकडं शहराच्या विकास आराखड्यावर मागवतात तशाच. आणि तिथंही हरकत घ्यायला येतो तो ज्याचा धंदा अडतो तो. चिलीच्या शिक्क्यावर बऱ्याच देशांनी प्रश्न उपस्थित केले, शिक्का टिकला. आपल्याकडं २०२२ मध्ये इशाऱ्याऐवजी पाकिटावर तारे द्यायचा मसुदा आला. म्हणजे चिप्सलाही एखादा-दीड तारा मिळायचा. तारा बघून पोरगं पाकीट खाली ठेवेल ही कल्पना कुणाची, देव जाणे.

व्यापार धोरण नेहमी अडवण्याचंच असतं असं नाही, चांगलं आत आणायलाही ते लागतं. तूरडाळ घ्या. मे २०२१ पासून तुरीच्या आयातीवरचं प्रमाणाचं बंधन उठलं. मोझांबिक, म्यानमार, टांझानियातून तूर येते म्हणून टंचाईच्या वर्षीही आमटी पातळ होऊन थांबते, ताटातून जात नाही. त्याच तुरीनं इथल्या तूर उत्पादकाचा भाव पडतो हीही तक्रार खरी. आरोग्य आणि शेतकरी यांची गाठ अशी प्रत्येक वळणावर पडते.

आणि कधी धोरण एका हातानं बांधतं, दुसऱ्यानं सोडतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून थंड पेयांवर जीएसटी ४० टक्के आणि त्याच दिवसापासून बिस्किटं, चॉकलेट, आइस्क्रीम, पॅकबंद फरसाण यांवर ५ टक्के. त्याच वर्षी जुलैत ब्रिटनशी करार झाला. त्यात व्हिस्कीवरचं १५० टक्के शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर यायचं आहे, चॉकलेट-बिस्किटांवरचंही उतरायचं आहे. प्रत्येक निर्णयाला आपापलं कारण असेल. पण सगळे निर्णय एका टेबलावर ठेवून, पुढच्या वीस वर्षांत कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत याचं काय होईल, असं विचारणारं कुणी लागतं. १०.१ कोटी भारतीयांना मधुमेह आहे, असं २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीत निघालं. त्यांच्या गोळ्यांचा खर्च शुल्काच्या हिशोबात धरत नाहीत.

कागलकडं माझे एक मामा आहेत. चार एकर ऊस, चहा बिनसाखरेचा, सकाळ-संध्याकाळ शुगरची गोळी. त्यांना मेक्सिकोची गोष्ट सांगितली. मक्याच्या पाकाचं ऐकताना मान डोलावत होते. दुसऱ्या कराशी आलो, कुठल्याही साखरेला लिटरमागं पेसो, तेव्हा मान थांबली. थोडा वेळ गप्प बसले.

"लावू देत की कर," म्हणाले. "पर आधी उसाची पहिली उचल किती देणार ते सांगा."